शत्रूची रसद

शिक्षणसेवक म्हणून माझी तीन वर्षं भरायला दीड महिना उरला होता, तेव्हाची ही गोष्ट. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तीन वर्षं मानधनावर शिकवायचं. मग मुख्याध्यापक कामाबद्दल शेरा लिहितात, संस्था प्रस्ताव करते, तो यवतमाळला शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो आणि तिथून मान्यता आली की माणूस पक्का. शेऱ्यात 'असमाधानकारक' एवढा एक शब्द आला तर परत घरी, कापूस वेचायला.

मी आमच्या तांड्यातली पहिली पदवीधर. मुलींमधली पहिली असं लोक सांगतात, त्यांना मी तिथल्या तिथे दुरुस्त करते. मुलगे धरून पहिली. बी.ए., मग बी.एड., आणि नोकरी सरकारी यादीतून, गुणांवर. त्यासाठी कोणाच्या दारात उभी राहिले नाही. कळंबच्या पुढे एका गावातल्या हायस्कुलात मी सहावी ते आठवीला इतिहास शिकवायचे, आणि चांगला शिकवायचे. दुसरं कोणी हे सांगेल म्हणून वाट बघायची मला सवय नाही.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्या लहान भावाचा फोन आला. तो लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात कामाला आहे, दिवसा कधी फोन करत नाही. एक फोटो पाठवला आहे, आधी तो बघ, म्हणाला. आणि फोन ठेवता ठेवता विचारलं, "बाई, ते लाल अक्षर तुहंच हाये ना?"

फोटोत वहीचं एक पान होतं. पेन्सिलीनं आखलेला समास, गोल गोल अक्षर, आणि समासात लाल पेनानं 'खूप छान' आणि दहापैकी दहा. पान तिसऱ्या ओळीच्या खाली कापलेलं होतं. उरलेल्या ओळी अशा: 'आमचे पूर्वज बादशहाच्या फौजेला धान्य पोचवत होते. बादशहाचा तळ सगळ्यात मोठा होता, म्हणून आमचा तांडा सगळ्यात मोठा होता.' फोटोच्या वर कोणीतरी लिहिलं होतं, शत्रूला रसद पुरवल्याचा अभिमान शिकवणारी शाळा. त्यापुढे रागाची तीन लाल तोंडं. भावाला ते त्याच्या कारखान्यातल्या ग्रुपवर आलं होतं. म्हणजे आमच्या गावातून निघून पन्नास ठिकाणी फिरून मग त्याच्याकडे.

ते लाल अक्षर माझंच होतं.

झालं होतं ते असं. सातवीच्या मुलांना मी घरचा अभ्यास दिला होता. तुमच्या घरातले जुने लोक काय काम करत, हे घरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारून एक पान लिहून आणा. पुस्तकात आपल्या गावाचं काही नाही, तर निदान वहीत असू दे, एवढाच विचार. कोणी आजोबांनी विहीर खोदल्याचं लिहून आणलं, कोणी कापसाच्या गाड्या जिनिंगला नेल्याचं. एका मुलीनं हे लिहून आणलं. ती शाळेपासून दोन-अडीच किलोमीटरवरच्या तांड्यातून येते, गोरबोली बोलणारं घर, आमच्यातलंच. तिच्या आजोबांनी सांगितलं आणि तिनं उतरवलं. मी सगळी पानं व्हरांड्यात दोरीला लावली, आणि पालकसभेच्या दिवशी कोणीतरी त्या एका पानाचा फोटो काढला.

आता मुद्द्याचं सांगते, कारण नंतर मला सगळ्यांनी हेच विचारलं, की मॅडम, लिहिताना तुमचा हात अडखळला कसा नाही.

आमच्याकडे लग्नात पिढ्या गाणारा ढाडी येतो. नवरदेवाच्या घराण्यात कोण कोण होऊन गेलं, कोणाकडे किती बैल होते, कोणाची लदेणी कुठवर जायची, हे तो गातो. लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलुखामुलुखातून माल नेण्याचा आमचा जुना धंदा. त्यात कोणाला माल पोचवला याची यादी येते, आणि यादीत पहिलं नाव सगळ्यात मोठ्या तळाचं. गिऱ्हाईक जेवढं मोठं तेवढं घराणं मोठं. बादशहा, निजाम, राजे, मागून आलेले इंग्रज, सगळे एका गाण्यात एकामागून एक येतात आणि म्हातारे माना डोलावतात. दोन फौजा समोरासमोर असल्या तरी तांड्याला दोन्हीकडून वाट मिळायची, कारण पोट दोन्हीकडे होतं. मी हे पाच वर्षांची असल्यापासून ऐकत आले. त्यामुळे ते पान वाचताना मला ते लग्नातल्यासारखंच वाटलं. मी एक काना दुरुस्त केला आणि दहापैकी दहा दिले. आमच्या शाळेतल्या दुसऱ्या कोणाही शिक्षकाचा पेन पहिल्या ओळीवर थांबला असता. माझा थांबला नाही, कारण मी त्या मांडवात वाढले होते. ही चूक आमच्यातलाच माणूस करू शकतो.

आणि गंमत म्हणजे दुसरी बाजूही मला पाठ होती.

मी आश्रमशाळेत शिकले. इतिहासाच्या तासाला गुरुजी मला उभं करून धडा वाचायला लावायचे, कारण माझा आवाज मोठा आणि मी अडखळत नसे. त्यात एक प्रसंग होता. आपलं सैन्य पहाटे डोंगरातून उतरतं, शत्रूच्या रसदेवर तुटून पडतं, धान्याच्या गोण्या आणि शेकडो बैल ताब्यात घेतं, शत्रूच्या छावणीत उपासमार होते. तिथे आले की मी आवाज चढवायचे आणि वर्ग टाळ्या वाजवायचा. अर्धा वर्ग तांड्यांतलाच होता. आम्ही सगळे टाळ्या वाजवायचो. शत्रूची रसद का तोडली, हा दोन गुणांचा प्रश्न, त्याचं उत्तर मला झोपेतही यायचं. ते बैल कोणाचे होते, हा प्रश्न कोणी विचारला नाही. मीही नाही.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला यवतमाळच्या कॉलेजच्या लायब्ररीत एक जाड पुस्तक चाळत होते. त्या काळच्या मोठ्या छावण्यांना धान्य कसं पोचायचं, असा एक परिच्छेद होता. त्यात आम्ही होतो. एका तांड्याबरोबर हजारो बैल, बायका-पोरं सोबत, असं लिहिलं होतं. मी पुस्तक मिटलं आणि बसस्टँडवर जाऊन बसले. शत्रूची रसद म्हणजे माझ्या पणज्याचा पणजा, त्याची बायको आणि तिच्या कडेवरचं लेकरू. ज्या पहाटेवर मी आवाज चढवत होते, त्या पहाटे ते गोणीला टेकून झोपलेले असणार.

राजांवर माझं प्रेम आहे, आणि त्याचा दाखला मी कोणाला काढून देणार नाही. मी म्हणते ते एवढंच, की पुस्तकात 'आपण' असतो आणि 'शत्रू' असतो, मधल्या माणसाला जागा नसते. ज्याचं शेत दोन्हीकडच्या घोड्यांनी खाल्लं तो कोणत्या बाजूचा? लहानपणी मला वाटायचं की 'आपण' मध्ये मी आहेच, विचारायचं काय त्यात. त्या दिवशी बसस्टँडवर पहिल्यांदा वाटलं की आपण तिथे न विचारता घुसलो होतो, आणि कोणी तिकीट विचारलं तर काय दाखवणार.

तर फोटो आला तो दिवस. सुट्टी संपल्यावर लगेच हेडसरांनी बोलावलं. खुर्चीत पालक समितीचे एक सदस्य बसलेले. त्यांचा मुलगा त्याच सातवीत. पंधरा-वीस एकर शेती, कापूस, तूर, सोयाबीन. माणूस वाईट नाही, हे मी आजही म्हणेन. उन्हाळ्यात शाळेचा बोअर आटला तेव्हा त्यांनी स्वतःच्या ट्रॅक्टरनं पाणी आणून टाकलं होतं. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरला होता. गावाचं नाव खराब झालं, म्हणाले. यवतमाळहून त्यांच्या साडभावाचा फोन आला, राजूरहून कोणाचा आला, सगळे विचारून राहिले की तुमच्या शाळेत चाललंय काय. मग माझ्याकडे वळले.

"मॅडम, ते फौज कोणाची होती? दुश्मनाची. आन् त्याले धान्य पोचवलं म्हून तुमी लेकराले दहापैकी दहा देता. कायले?"

मी म्हटलं, पान पूर्ण वाचा, त्यात पुढे राजांच्या गडांवर मीठ नेल्याचंही लिहिलं आहे. ते म्हणाले, फोटोत नाही. मी म्हटलं, फोटो कापलेला आहे. ते म्हणाले, लोकांनी जो पाहिला तोच फोटो.

ते गेल्यावर हेडसरांनी दार लोटून घेतलं. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती, टेबलावर रक्तदाबाच्या गोळ्या आणि बडीशेपेची डबी. माझ्यावर त्यांचा जीव होता, हे खोटं नाही. त्यांनी समजावून सांगितलं. शनिवारपर्यंत लेखी खुलासा द्या. चार ओळी पुरे. वह्यांचा गठ्ठा मोठा होता, कामाच्या व्यापात सदर पान न वाचता अनवधानाने शेरा दिला गेला, याबद्दल दिलगीर आहे. सगळे शिक्षक न वाचता शेरे देतात, कोणाला खोटं वाटणार नाही. मुलीच्या पालकांना बोलावून समज देऊ, ती पान नव्यानं लिहील, विषय संपला. मी तुमचा शेरा 'समाधानकारक' लिहून प्रस्ताव पाठवतो. आणि खुलासा असा आला नाही तर संस्था मला विचारेल, मग मी तरी काय लिहू?

मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. बाहेर आले तेव्हा दोरीवर तेवढ्या पानाची जागा रिकामी होती, दोन चिमटे तसेच.

त्यानंतरचे चार दिवस मला नीट जेवण गेलं नाही. फोन दर दहा मिनिटांनी उघडून बघायचे. कोणीतरी लिहिलं होतं की शाळेच्या गेटवर जाऊन जाब विचारला पाहिजे. म्हणून सकाळी गेटवर चार माणसं दिसली की माझी पावलं हळू व्हायची, आणि जवळ गेल्यावर कळायचं की ते सोयाबीनच्या भावाचं बोलत आहेत. स्टाफरूममध्ये मी गेले की बोलणं थांबायचं आणि कोणीतरी पंख्याचा वेग वाढवायचं. एक बाई हळूच म्हणाल्या, तुमचं अजून पक्कं व्हायचं आहे ना. बस, तेवढंच म्हणाल्या.

वर्गात पोट्ट्यांनी त्या मुलीचं नाव रसद ठेवलं. ए रसद, पेन दे. ए रसद, डबा कोणाच्या फौजेले घेऊन चाल्ली? हसायचे सगळे, मुलीसुद्धा. तीही पहिल्यांदा हसली, मग हसायची थांबली. तिसऱ्या दिवशी ती मधल्या सुट्टीत डबा घेऊन पाण्याच्या टाकीमागे एकटी बसलेली मला दिसली. सांगायला लाज वाटते, पण सांगते. पहिल्या दिवशी मी वर्गात होते, फळ्यावर लिहीत होते, आणि 'ए रसद' मला स्पष्ट ऐकू आलं. मी खडू थांबवला नाही. मी रागावले तर घरी जाऊन सांगतील, पुन्हा फोन फिरतील, हे त्या क्षणी डोक्यात आलं. मी कोणाला भीत नाही अशी माझी ख्याती होती. ती मीच पसरवलेली होती.

शुक्रवारी संध्याकाळी मी घरी तांड्यात गेले. बा ओट्यावर तूर पाखडत बसला होता. त्याला सगळं सांगितलं. आमच्या घरात माझ्या नोकरीची सगळ्यात जास्त ऐट बालाच. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही तो सांगतो की पोरगी हायस्कुलात आहे. मला वाटलं होतं तो पेटून उठेल. त्यानं सूप खाली ठेवलं आणि गोरबोलीत शांतपणे म्हणाला की लिहून दे. मी म्हटलं, न वाचता दहापैकी दहा देणारी मास्तरीण आहे असं लिहून देऊ? मी एकेक ओळ वाचते, तुला माहीत आहे. तो म्हणाला, माहीत आहे, म्हणून तर लिहून दे, आपल्याला माहीत आहे तेवढं पुरे.

मग त्यानं जे सांगितलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं, कारण ढाडी ते गात नाही. लदेणी वाटेत मधल्याच कोणी अडवली, की जुने लोक खोटं बोलायचे. गोणीत धान्य असलं तर मीठ सांगायचे. कोणाला पोचवता विचारलं तर समोरच्याच्याच सरदाराचं नाव घ्यायचे. त्यात कमीपणा नव्हता, तो धंदाच तसा होता.

"माल पोचला पायजे, बाई," तो मराठीत म्हणाला. महत्त्वाचं बोलायचं असलं की तो मराठीत बोलतो. "तुही गोणी पोचू दे. मंग काय बोलाचं ते बोल."

मी म्हटलं, आणि ती पोरगी? तिच्या आजोबाला बोलावून समज देणार आहेत. बा सूप उचलत म्हणाला की चिडवल्यानं कोणाचं लेकरू मरत नाही, तुलाही चिडवलं होतं, तू मेली का. याडीनं, म्हणजे आईनं, आतून भाकरी झाली म्हणून हाक मारली. मी जेवले नाही.

शनिवारी शाळा सकाळची. माझ्या पर्समध्ये दोन खुलासे होते. एकात 'न वाचता अनवधानाने' होतं. दुसऱ्यात लिहिलं होतं की सदर पान मी वाचले, विद्यार्थिनीने घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहिल्यामुळे मला आवडले, म्हणून गुण दिले. दोन्हींवर सही केलेली. कोणता द्यायचा ते मला ऑफिसच्या दारापर्यंत ठरवता आलं नव्हतं. खरं सांगते, पहिला कागद वर होता.

ऑफिसबाहेरच्या बाकावर त्या मुलीचे आजोबा बसले होते. धुतलेलं धोतर, लाल पागोटं, कानात बाळी, पायांत नव्या चपला. शेजारी ती, मान खाली. मला बघून ते उठले, राम राम केला आणि आनंदानं सांगू लागले की शाळेचा निरोप आला तेव्हा तांड्यात सगळ्यांना सांगून आलो. घराणं विचारायला शाळेनं बोलावणं धाडलं, असं त्यांच्या हयातीत पहिल्यांदा झालं होतं.

"मले अजून लय मायती हाये," ते म्हणाले. "पोट्टीनं थोडंच लिवलं. तुमी लिहून घ्या."

मी मुलीकडे बघितलं. तिनं त्यांना खरं कारण सांगितलं नव्हतं. सांगता आलं नसणार. तेवढ्यात आतून बोलावणं आलं.

आत हेडसर आणि ते समितीचे सदस्य. हेडसरांनी आजोबांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मुलगी दाराजवळ उभी राहिली. हेडसर भला माणूस, म्हाताऱ्याला दुखवायचं नाही म्हणून त्यांनी सगळ्यात सोपी वाट काढली. म्हणाले, तुमच्या नातीचा काही दोष नाही बाबा, लहान आहे. आणि मॅडमचाही नाही. मॅडमनी ते पान वाचलंच नव्हतं, गडबडीत शेरा दिला. ते आता नव्यानं लिहून घेऊ.

म्हाताऱ्यानं पाण्याचा गिलास खाली ठेवला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "वाचलं नाई, बाई?"

रागावून नाही. आपण पंगतीला बसलो आणि पत्रावळ आपली नव्हतीच, असं कळल्यावर माणूस जसं विचारेल तसं.

"वाचलं दादा," मी म्हटलं. "दोनदा वाचलं."

पर्समधून मी खालचा कागद काढला आणि हेडसरांच्या टेबलावर ठेवला. तो धीट क्षण वगैरे काही नव्हता. ठेवल्या ठेवल्या मला वाटलं की झालं, गेली नोकरी, आता बाला काय सांगायचं. हेडसरांनी कागद वाचला, डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि बडीशेपेची डबी उघडून तशीच मिटली.

समितीचे सदस्य मग म्हाताऱ्यावर घसरले. मोठ्या आवाजात नाही, पण घसरले. दुश्मनाच्या फौजेले दाणा पोचवला, हे लोकांत सांगायची लाज कशी वाटत नाही, असं विचारलं.

म्हाताऱ्याला प्रश्न कळायला वेळ लागला. "दुश्मन?" तो म्हणाला. "आमचा तं गिऱ्हाईक होता."

मला त्या अवस्थेतही हसू आलं. ते दाबलं.

म्हातारा पुढे सांगत राहिला, कारण त्याला वाटलं की आता खरी चौकशी सुरू झाली. आमची जमीन कुठं होती भाऊ, आमचे तं फक्त बैल. दाणा तुमचा. याच गावच्या पेवातला. नदीच्या वरल्या अंगाला पाटलांची पेवं होती, बारा की चौदा, ढाडी म्हणतो चौदा. तिथून ज्वारी काढायची, गोण्या भराच्या, आन् पुढं नेऊन द्याची. या गावची ज्वारी लय गोड, तळावर नाव होतं तिचं. तो हे कौतुकानं सांगत होता, पाहुण्यानं यजमानाच्या घरची वस्तू वाखाणावी तसं.

पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं धान्याचं कोठार, आता कोणाकडे राहिलं नाही. समितीचे सदस्य खिडकीबाहेर बघत होते. मग हळू आवाजात म्हणाले की आमच्या खळ्यात होतं एक, माझ्या आज्यानं बुजवलं, त्यात बैल पडला होता म्हणून. म्हातारा म्हणाला, हाव, तेच. सदस्य म्हणाले, "म्हणजे आमी बी..." आणि तिथेच थांबले. 'रसद पुरवणारे' हा शब्द त्यांच्या तोंडून बाहेर आला नाही. जो शब्द चार दिवस त्या मुलीच्या मागे वर्गभर फिरत होता, त्याचाच मोठा भाऊ होता तो.

ते उठले. मला वाटलं, आता समजूत पटली. पण माणसाचं असं होत नाही. त्यांनी हेडसरांना बजावलं की हे प्रकरण वाढवू नका, इथंच मिटवा. आणि दारात थांबून माझ्याकडे न बघता म्हणाले की इतिहास पुस्तकातला शिकवा, घरोघरी विचारत फिरलं की कोणाकोणाचं काय काय निघतं.

म्हाताऱ्यानं मला विचारलं की लिहून घेतलं का. मी म्हटलं, घेतलं दादा. मी काहीच लिहून घेतलं नव्हतं. घरी जाऊन त्याच दुपारी लिहिलं, आठवलं तेवढं.

पुढचा दीड महिना कसा गेला ते मला विचारू नका. हेडसर शेऱ्याबद्दल बोलत नसत, मी विचारत नसे. प्रस्ताव गेला का, हे मला क्लार्ककडून कळलं. त्यात काय लिहिलं ते त्यालाही माहीत नव्हतं, किंवा त्यानं सांगितलं नाही. यवतमाळच्या कार्यालयात मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा बाहेरच्या झाडाखाली बसून परत आले. बा दररोज संध्याकाळी फोन करायचा आणि पाऊसपाण्याचं बोलून ठेवायचा. त्या शनिवारनंतरच्या सोमवारी मी वर्गात 'रसद' पुन्हा ऐकलं, तेव्हा मात्र खडू ठेवला आणि दोघांना उभं केलं. उशीर झाला होता. नाव चिकटलं ते चिकटलंच.

मान्यता आली. हेडसरांनी 'समाधानकारक' लिहिलं होतं. ते त्यांनी कशाच्या बळावर लिहिलं, माझा खुलासा सोबत जोडला की टेबलाच्या खणात ठेवला, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही. मला ते कळलेलं सोसेल का, याचीही खात्री नाही.

जूनमध्ये नवं वेळापत्रक लागलं. माझ्या नावापुढे सहावी ते आठवी भूगोल होता. इतिहास क्रीडाशिक्षकांना दिलेला. मी ऑफिसात गेले तेव्हा हेडसर हजेरीपत्रकात काहीतरी शोधत होते, शोधतच राहिले. भूगोलात काही भानगड नसते मॅडम, म्हणाले. नदी कुठून निघते, कुठं जाते, कोणाची तक्रार येत नाही.

मी भांडले नाही. प्लास्टिकच्या पृथ्वीगोलावरची धूळ पुसली आणि वर्गात गेले. बाला फोन करून पक्की झाल्याचं सांगितलं होतं, विषयाचं सांगितलं नाही. तो तांडाभर सांगत फिरला की माल पोचला.

ती मुलगी आता आठवीत आहे. परवा मधल्या सुट्टीत वही घेऊन भूगोलाच्या खोलीशी आली. मराठीला आलेल्या नव्या सरांनी निबंध दिला होता, माझे आजोबा. दोन पानं भरून लिहिलं होतं, अक्षर आता गोल राहिलं नाही, बारीक झालं आहे. हातात पेन उघडाच.

"मॅडम, यातलं काय काढू?" तिनं विचारलं.

मी उभ्यानंच वाचायला लागले. बैल होते, पागोटं होतं, नव्या चपला घालून शाळेत आले होते ते होतं, गावच्या ज्वारीचं नाव होतं, आणि ज्वारी कुठे जायची तेही होतं. वाचताना मी सवयीनं खिडकीबाहेर पाहिलं, कोणी बघत नाही ना. समितीच्या सदस्यांचा मुलगा तिच्याच वर्गात. नव्या सरांना यातलं काय चालेल, काय नाही, याचा हिशोब माझ्या डोक्यात आपोआप सुरू झाला. मग मी स्वतःला सावरलं आणि म्हटलं की काहीच काढू नकोस.

पण तेवढं म्हणायला मला वेळ लागला होता. मी वही परत दिली. ती माझ्या चेहऱ्याकडेच बघत होती. तिनं वही भिंतीला टेकवली आणि ज्वारी कुठे जायची, त्या ओळीवर पेनानं दोनदा रेघ ओढली.

मी म्हटलं, अगं, मी काढू नको म्हटलं ना.

ती म्हणाली, हो मॅडम, आणि पेनाला टोपण लावलं.